संजयाचे डोळे

चातुर्मासात आमच्याकडील काही घरांतून अजूनही महाभारताचे वाचन होते. भीष्मपर्व लागले, की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. हस्तिनापुरचा राजवाडा, आसनावर आंधळा धृतराष्ट्र, आणि त्याच्याजवळ स्वस्थ बसून, व्यासांच्या प्रसादाने मिळालेल्या दिव्य दृष्टीच्या बळावर, कुरुक्षेत्रावरील वृत्तान्त सांगणारा संजय. हे चित्र इतके रूढ झाले आहे की, मूळ ग्रंथ उघडून पाहावा असे सहसा कोणास सुचत नाही. मूळ ग्रंथातील संजय इतका स्वस्थ नाही. भीष्म पडल्याची वार्ता तो रणभूमीवरून येऊन राजास सांगतो. शल्यपर्वात तर सात्यकी त्यास जिवंत पकडतो, त्याजवर शस्त्र उगारतो, आणि ऐन वेळी व्यास येऊन सोडवितात म्हणूनच तो वाचतो. पुढे दुर्योधनाचा अंत होताच त्याची ती दिव्य दृष्टीही नाहीशी होते.

याच कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. व्यासांनी दृष्टी प्रथम धृतराष्ट्रासच देऊ केली होती. स्वजनांचा वध पाहणे आपणास नको, आपण तो ऐकू, असे म्हणून त्याने ती नाकारली. पाहण्याचे दुःख एकाने पत्करावे आणि दुसऱ्याने घरी बसून वृत्तान्त ऐकावा, ही वाटणी इतकी जुनी आहे. युद्धाची छायाचित्रे घेणाऱ्या माणसांविषयी आज आम्ही जे लिहिणार आहो, ते या वाटणीच्या दोन्ही बाजू ध्यानात घेऊन.

पुराणातील संजयास वर मिळालेला होता. आजच्या संजयास तो नाही. युद्धाची बातमी छावणीत बसून, पळून आलेल्यांना विचारून, नकाशा पाहून लिहिता येते. छायाचित्र मात्र तसे काढता येत नाही. भिंगापुढे जे असेल तेवढेच काचेवर उमटते, आणि जे उमटावे असे वाटते त्याच्यासमोर स्वतः जाऊन उभे राहावे लागते. रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार १८५५ साली क्रिमियाच्या युद्धावर गेला, तेव्हा त्याने घोड्यांची एक गाडीच अंधारी खोली म्हणून बरोबर नेली होती. त्या काळी काचेवर ओले रसायन ओतून, ते सुकण्याच्या आत चित्र घेऊन, लगेच धुवावे लागे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकले पाहिजे. उन्हात गाडी भट्टीसारखी तापे, आणि ती दुरून दिसत असल्यामुळे तोफांचे लक्ष्यही होई. फेंटनने साडेतीनशेच्या आसपास चित्रे घेतली आणि पटकीने आजारी पडून तो परतला. त्याच्या चित्रांत तंबू आहेत, सेनानी आहेत, तोफगोळ्यांनी भरलेली उजाड वाट आहे. प्रेते मात्र नाहीत. अमेरिकेतील लोकांना ती प्रथम दिसली तेथील यादवी युद्धात. १८६२ साली अँटिएटमच्या लढाईत पडलेल्यांची छायाचित्रे मॅथ्यू ब्रेडीने न्यूयॉर्क येथील आपल्या चित्रदालनात मांडली, आणि घरी बसून विजयाच्या वार्ता वाचणाऱ्या नागरिकांनी युद्ध म्हणजे काय हे पहिल्याने पाहिले.

पुढे यंत्र जसजसे लहान झाले, तसतसा माणूस गोळीच्या जवळ गेला. हातात मावणारा कॅमेरा आणि गुंडाळीची फिल्म आली, आणि छायाचित्रकार सैनिकाच्या शेजारी खंदकात जाऊन बसला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा रॉबर्ट कापा हा छायाचित्रकार त्यांच्याबरोबर पाण्यात होता. सैनिकाच्या हाती बंदूक असते, वरिष्ठाची आज्ञा असते, शेजारी सोबती असतो, आणि गोळी सुटली तर आडोशाला जाण्याची मुभा असते. छायाचित्रकाराचा एक डोळा भिंगाला लागलेला, दोन्ही हात गुंतलेले, आणि ज्या क्षणी इतर सर्वांनी मान खाली घालावी त्याच क्षणी त्याने ती वर काढावयाची. या धैर्यास शौर्य म्हणावे की तितिक्षा, याचा निर्णय पंडितांनी करावा. आम्हांस तरी ते रणवीराच्या धैर्याहून वेगळ्या जातीचे वाटते.

हा भेद समजण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे रेल्वे स्टेशनाजवळच्या बंगल्यात कैखुश्रू ऊर्फ केकी मूस हे थोर छायाचित्रकार राहत. त्यांचा जन्म १९१२ चा, देहान्त १९८९ चा. विलायतेहून शिकून आल्यावर सुमारे पन्नास वर्षे त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, उजेड-सावलीच्या खेळाने, त्यांनी अशी दृश्ये निर्माण केली की पाहणारास ती दूरदेशीची निसर्गचित्रे वाटावीत. ही कला अस्सल आहे, आणि तिच्यात लबाडी मुळीच नाही. कारण हे टेबलावर रचलेले आहे हे कर्ता स्वतःच सांगतो. शांततेच्या काळात जग असे टेबलावर आणता येते. युद्ध मात्र टेबलावर येत नाही.

आणि ते तसे आणू गेल्यास चित्र खोटे होते. फेंटनच्या त्या तोफगोळ्यांच्या वाटेची दोन चित्रे आहेत. एकात गोळे रस्त्याकडेला आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर पसरलेले आहेत. ते कोणी व कां हलविले याचा वाद अद्यापि चालतो. लखनौच्या सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये जवळपास दोन हजार शिपाई मारले गेले. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने तेथील चित्र १८५८ साली घेतले. त्यातील अंगणात विखुरलेल्या अस्थी चित्रासाठी मुद्दाम मांडल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. जे घडले ते भयंकर होते यात संशय नाही. परंतु साक्षीदाराने खऱ्या गोष्टीवरही एकदा रंग चढविला, की त्याच्या उरलेल्या साक्षीकडे लोक संशयाने पाहू लागतात. साक्षात् पाहणारा तो साक्षी, असा या शब्दाचा अर्थ व्याकरणकार सांगतात. पाहिले त्याहून अधिक दाखविणारा साक्षी या नावास पात्र उरत नाही.

मराठी माणसाने अशी साक्ष किती चोखपणे दिली, याचे एक उदाहरण प्रत्येक घरातील मुलांना ठाऊक असावयास हवे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकमाने निःशस्त्र लोकांवर १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशीत हा आकडा हजाराच्या घरात निघाला. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि खरी हकीकत बाहेर येण्यास आठवडेच्या आठवडे लागले. गोळीबार चालू असता तेथे कॅमेरा नव्हता. अशा वेळी नारायण विनायक विरकर हे मुंबईचे मराठी छायाचित्रकार अमृतसरला गेले. त्यांनी काय केले? बागेच्या भिंतींवर गोळ्यांची जी भोके पडली होती, त्यांभोवती खडूने खुणा केलेल्या, आणि शेजारी माणसे उभी राहून बोटाने ती भोके दाखवीत आहेत, अशी छायाचित्रे घेतली. त्यांत रक्त नाही, आक्रोश नाही, अलंकार नाही. भिंत, भोक आणि बोट. लोकांना भडकविण्यासाठी याहून उग्र चित्र रचता आले असते. विरकरांनी मोजता येईल असा पुरावा दिला, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या भिंती खोट्या ठरवावयास कोणी धजत नाही.

पुराव्याची ही चाड आम्हां खानदेशवासीयांस परकी नसावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अस्सल कागद गोळा केले, १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, आणि धुळ्यास १९२६ साली देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या दिवशी लिहिलेले पत्र अधिक मोलाचे, हे राजवाड्यांनी महाराष्ट्राच्या गळी उतरविले. युद्धाचे छायाचित्र म्हणजे त्या क्षणाने स्वतः लिहिलेले पत्र होय. ज्या प्रसंगास असे पत्र मिळत नाही, तो पुढच्या पिढीस ऐकून मानावा लागतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांची स्मृती गावाने स्मारकाच्या रूपाने आणि मुखामुखी जपली आहे, हे भाग्यच. पण गोळी झाडणाऱ्यास जबाब विचारण्यासाठी स्मृती पुरत नाही, पुरावा लागतो.

तो पुरावा न्यायासनापुढे उभा राहिल्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी गोळीबार केला. आमच्या चाळीसगाव, जळगाव, भुसावळाकडे येणाऱ्या गाड्या याच स्टेशनातून सुटतात. लांबच्या गाड्यांची वाट पाहत सामानाशी बसलेले उतारू त्यात सापडले. स्टेशनात ५८ माणसे मेली. समोरच असलेल्या वृत्तपत्राच्या कचेरीतून ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन आवाजाच्या दिशेने धावले, आणि फलाटावरील डब्यांचा आडोसा घेत त्यांनी बंदूकधारी अजमल कसाबचे चित्र टिपले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री अशीच जोखीम पत्करली. पुढे खटल्यात दोघांनी साक्ष दिली. मे २०१० मध्ये निकाल देताना न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी या दोघांच्या कामाची आवर्जून प्रशंसा केली. डिसूझा पुढे निवृत्त होऊन गोव्यात राहावयास गेले. आपल्या हाती कॅमेऱ्याऐवजी बंदूक असती तर बरे झाले असते, असे त्यांनी बोलून दाखविले होते. ज्या चित्राची सर्व जगाने वाहवा केली, ते घेणाऱ्याच्या मनात मात्र वाचवू न शकलेल्या माणसांचा हिशेब राहिला.

येथे आम्ही या विषयाच्या मर्माशी येतो. अशा कामाची किंमत अनेक प्रकारे चुकवावी लागते. प्राणाची किंमत सर्वांस दिसते. कापाची सहकारी गेर्डा टारो ही स्पेनच्या युद्धात जुलै १९३७ मध्ये रणगाड्याखाली सापडून गेली. तिला सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतः कापा २५ मे १९५४ रोजी इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून मेला. आपल्या देशाचे दानिश सिद्दिकी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाक येथे १६ जुलै २०२१ रोजी चकमकीत मारले गेले, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. द्रव्याची किंमत ब्रेडीने दिली. यादवी युद्धाच्या चित्रांपायी त्याने आपली सारी मिळकत घातली, दिवाळे निघाले, आणि १८९६ साली तो निर्धन स्थितीत वारला.

तिसरी किंमत मनाची, आणि ती सर्वांत दुर्धर. दक्षिण आफ्रिकेच्या केविन कार्टरने १९९३ साली सुदानातील दुष्काळात एका खंगलेल्या बालकाचे आणि त्याच्यामागे टपून बसलेल्या गिधाडाचे चित्र घेतले. चित्र सर्व जगात गाजले, १९९४ साली त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच लोकांनी त्यास विचारले, की तू त्या मुलास उचलून कां घेतले नाहीस? त्याने गिधाड हाकलून लावले होते. पण एवढ्याने प्रश्न मिटत नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलात त्याचा जिवलग सोबती केन ऊस्टरब्रूक त्याच कामावर असता गोळी लागून मेला, आणि जुलैत कार्टरने आपल्याच हाताने जीवन संपविले.

‘तू मदत कां केली नाहीस?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण थोडा विचार करावा. हातातील यंत्र टाकून जखमी माणसास खांदा देणे हा मनुष्यधर्म आहे, आणि कित्येक छायाचित्रकारांनी तो पाळला आहे. तथापि प्रत्येकाने प्रत्येक वेळी यंत्र टाकले असते, तर त्या ठिकाणी मदतीची गरज आहे हेच जगास कळले नसते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात मूळचे भावनगरचे किशोर पारेख कोणाची नेमणूक नसता आपण होऊन गेले, आणि त्यांनी आणलेल्या चित्रांपैकी ६७ चित्रांचे पुस्तक निघाले. ती पाहून तेथील माणसांचे हाल ज्यांस प्रथम समजले, त्यांची गणती कोण करणार? एकास वाचविणे आणि सहस्रांस जागे करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच क्षणी एकाच माणसापुढे उभी राहतात. आपण घरी बसून त्याचा निवाडा करतो. त्यास तो निवाडा जन्मभर बरोबर वागवावा लागतो.

हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या माहितीतील धुळ्याच्या एका घरी गेल्या वर्षी घडले. तेथील नातवाने पदवी घेतली, आणि आपण वृत्तपत्राचा छायाचित्रकार होणार, जेथे लढाई वा दंगल असेल तेथे जाणार, असे घरी सांगितले. आम्हांस बोलावणे आले. आजी म्हणाल्या, “गुरुजी, सैनिकाच्या आईला निदान गावात मान आहे. याच्या आईला काय मिळणार?” नातू म्हणाला, “आजी, सकाळी पेपरातला फोटो पाहून तूच हळहळतेस ना? तो कोणीतरी काढलेलाच असतो.” मुलाची आई काहीच बोलली नाही. खरे सांगावयाचे तर त्या मातेच्या मौनाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आम्ही मुलास एवढेच सांगितले, की धाडस दाखविण्यासाठी जात असशील तर जाऊ नकोस. पाहिल्याशिवाय जे लोकांस कळणार नाही ते दाखविण्यासाठी जात असशील, तर आधी प्रथमोपचार शीक, जेथे जाशील तेथील भाषा शीक, आणि चित्राखाली लिहिलेली प्रत्येक ओळ खरी ठेव. तो सध्या शिकत आहे. घरचा विरोध संपलेला नाही, पण बोलणे सुरू आहे.

प्रत्येक घरातून असा मुलगा निघणार नाही. पण प्रत्येक घरात अशी चित्रे येतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा मासिकातून येत, मग रोज वर्तमानपत्रातून येऊ लागली. आता तर मोबाइलवर घटकेघटकेस येतात. त्यांच्या बाबतीत गृहस्थाने दोन चुका टाळाव्यात. पहिली चूक धृतराष्ट्राची, म्हणजे मुळीच पाहावयाचे नाही. कोवळ्या मुलांपुढे प्रेतांची चित्रे टाकू नयेत हे उघड आहे. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींपासून युद्धाचे खरे रूप लपवून त्यांना केवळ विजयाच्या कथा ऐकवाव्यात, हेही योग्य नव्हे. घरातील वडील माणसाने जवळ बसावे, चित्र कोठले, कोणत्या दिवशीचे, त्यात कोण आहे, हे समजावून सांगावे, आणि मुलाने प्रश्न विचारला तर तो टाळू नये. दुसरी चूक बघ्याची. चहाचा घोट घेता घेता चित्र पाहावयाचे, ‘अरेरे’ म्हणावयाचे, आणि खरेखोटे न पाहता ते आणखी दहा जणांस पाठवावयाचे. आता यंत्राच्या साहाय्याने न घडलेल्या प्रसंगाचेही हुबेहूब चित्र तयार करता येते. अशा काळात खोटे चित्र पुढे ढकलणारा माणूस, ज्याने खऱ्या चित्रासाठी प्राण धोक्यात घातला त्याच्या साक्षीचे मोल नकळत कमी करीत असतो.

म्हणून आमची आपल्या वाचकांस एक साधी विनंती आहे. युद्धाचे छायाचित्र पुढे आले, की त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले नाव आधी वाचावे आणि मुलांकडून वाचवून घ्यावे. ज्या चित्रास नाव नाही, स्थळ नाही, तिथी नाही, त्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये. आणि नाव असेल तर ध्यानात ठेवावे, की त्या क्षणी तो मनुष्य तेथे उभा होता. संजयाने अठरा दिवसांचा वृत्तान्त तंतोतंत सांगितला, धृतराष्ट्राने तो अखेरपर्यंत ऐकला, विलापही केला. आणि तरीही युद्ध थांबविण्यासाठी त्याने एक शब्द उच्चारला नाही. तो दोष सांगणाराचा नव्हता, ऐकणाराचा होता.